तिच्या तोंडी माझं गाणं

६ जून
"तू भाव नको आणूस. ओळ म्हण नि गप्प राहा," हे म्हणाले.

साथीमुळे सभागृह बंद. म्हणून मंडळाचं संगीत नाटक यंदा ज्याच्या त्याच्या घरात. प्रत्येकानं आपापला भाग मोबाइलवर चित्रित करून मास्तरांना पाठवायचा, ते सगळे तुकडे जोडणार. मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक — शाळेत गाणं शिकवायचे, आता निवृत्त. हे नायक. नायिका बँकवाली, ती तिच्या घरी. मी इथे मोबाइल धरायचा आणि तिच्या ओळी म्हणायच्या, म्हणजे ह्यांना कुणाला तरी उत्तर देता येतं.

सोफा सरकवला. कपाटावर काळी चादर टाकली. खिळा ठोकताना बोटावर हातोडी बसली. "आवाज नको करूस," म्हणाले.

९ जून
आज प्रेमाचा प्रवेश. मी मोबाइलमागे उभी, हे माझ्याकडे बघून गात होते — तू नुसती समोर आलीस तरी घर भरतं, असं काहीसं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं काही ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मोबाइल धरलाय हेच विसरले. चित्र हललं.

"एक मोबाइल नीट धरता येत नाही तुला?"

परत केलं. परत तेच शब्द. तरी बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१० जून
मला बाजूला उभं केलं. माझ्या जागी भिंतीवर बँकवालीचा फोटो. छापून आणला होता, चांगला मोठा.

"तुझ्याकडे बघून सूर लागत नाही गं. राग मानू नकोस."

मानला नाही. चिकटपट्टी मीच कापून दिली.

१४ जून
हे आमच्या चष्म्याच्या दुकानात होते तेव्हा मास्तरांचा फोन. बँकवालीचं गाणं साफ पडलंय! घरी कानात संगीत ऐकत गायचं, त्यामुळे मोबाइलवर नुसता उघडा आवाज येतो. बाहेर साथ आणि गाण्याला साथ नाही. बाईंचं पितळ उघडं पडलं.

"वहिनी, यजमानांच्या चित्रीकरणात मागून तुमचा आवाज येतो. ओळ म्हणता म्हणता गुणगुणता तुम्ही. तिची गाणी तुम्हीच गाऊन द्या. ओठ तिचे, आवाज तुमचा. पण कुणाला सांगायचं नाही. तिला नाही, आणि यजमानांना तर नाहीच."

आढेवेढे घेतले. घ्यायला हवेत म्हणून घेतले.

१७ जून
दुकानाच्या मागच्या खोलीत गायले. मी चष्म्याची भिंगं घासते ती खोली. मशीन चालू असलं की मी नेहमी गाते, कुणाला ऐकू जात नाही. आज मशीन बंद केलं. माझाच आवाज ऐकून मी दचकले. पुढे उभ्या गिऱ्हाइकानं आत डोकावून विचारलं, रेडिओ लावलाय का? हो म्हटलं.

२० जून
बँकवालीचा फोन. गोड आवाज, बँकेत ठेवी मागताना लावत असेल तसा. "ताई, माझी गाणी बरी झाली असतील ना हो? मास्तर काही बोलतच नाहीत. सासरची सगळी मंडळी बघायला बसणार आहेत."

"अहो, काळजी कसली करता? तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि हसत सुटले. ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. बसू दे सासरच्यांना. ती तोंड उघडेल आणि मी बाहेर पडेन. तिला ते कळेल, त्यांना कळणार नाही. सगळे वा वा करतील आणि ही बया मान खाली घालून ते झेलत बसेल. किती दिवसांनी मला इतकी छान झोप लागली.

२१ जून
दुपारी पुन्हा आठवून हसले. हे म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

२८ जून
झालं एकदाचं नाटक. आम्ही दोघं टीव्हीसमोर. तिचं विरहाचं गाणं आलं तसे हे पुढे सरकून बसले. डोळे भरून आले ह्यांचे. मी टीव्ही सोडून ह्यांच्याकडेच बघत होते.

"काय गायलीय! आतून यावं लागतं असं."

मग माझ्याकडे वळून बघितलं. बराच वेळ. वाटलं, आता ओळखणार.

"तुला नाही कळायचं त्यातलं. जरा पाणी आण," म्हणाले.

स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. बायकोचा आवाज ह्यांना ओळखू आला नाही. आधी रडू आलं. मग हसू. माझ्याच गळ्यावर रडले आणि ह्यांना पत्ता नाही! तीही फसली, हेही फसले. मला जन्मभर पुरेल एवढं.

३० जून
मास्तरांचा फोन, आभार मानायला. "आता पार पडलंच आहे तर सांगतो वहिनी — कल्पना यजमानांचीच. म्हणाले, बाईंची अब्रू राखायची तर आमच्या हिचा आवाज घ्या, पण हे मला ठाऊक आहे असं हिला कळू देऊ नका, अडून बसेल. बाई तर एका पायावर तयार. तुम्हाला संशय आलाय का ते बघायला त्यांनी फोनसुद्धा करून पाहिला. काल त्यांच्याकडे चहाला जमलो होतो ना आम्ही, तेव्हा तुमचं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं त्यांनी. यजमान हसून हसून लाल!"

काल दुपारी हे माल आणायला गेले होते.