भोकं पडलेला पेपर

आई,
मी दवाखान्यात पुढे जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

पेपरात स्तनाच्या कॅन्सरबद्दल काही आलं की तुम्ही ते कातरून काढता. मला वाटायचं, आजारी सुनेच्या जिवाला घोर नको म्हणून. भोकं पडलेला पेपर मी मुकाट्याने वाचत आले. आज तुमच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आत सगळी कात्रणं. ‘गाठ दुखत नसली तरी दाखवा’ या ओळीखाली पेन्सिलीने दोनदा रेघ.

रागवायचंही त्राण नाही मला. ह्यांना काही बोललेले नाही. अकराला गाडी येईल, कुरकुर न करता बसा. नंबर तुमच्या नावाने लावतेय.

माझ्या प्रत्येक केमोला तुम्ही बाहेर बाकावर बसलात. आज बाकावर मी बसते.

तुमची सून