माझा एक किलो

विडिकोन, झ्युरिक
सोमवार, २ सप्टेंबर

चि. सेराइना हिला आजीचे आशीर्वाद. लादिनाला गालावर एक पापा. नातजावयाला या खेपेस काही नाही.

वि. वि. फोन वाजतोय, वाजू दे. फोनवर तू माझं अर्धं बोलणं खाऊन टाकतेस, कागदावर तुला ते जमायचं नाही. आम्ही पोरं फक्त हिवाळ्यात शाळेत जायचो, उन्हाळ्यात गायींमागे डोंगरावर. तेव्हा माझं अक्षरही गायीसारखंच चालतं, सांभाळून वाच.

शनिवारी सकाळी तू काय म्हणालीस? आजीला सीमेपलीकडे जर्मनीत, कोन्स्टान्सला नेऊ, तलाव दाखवू, जरा वारा लागू दे. मी भुलले. निळा कोट काढला, मोत्यांची माळ घातली, आणि आदल्या दिवशी इमारतीच्या तळघरात, सगळ्यांच्या धुलाईयंत्राच्या पाळीवर भेटेल त्या प्रत्येकीला ऐकवलं की माझी नात मला फिरायला नेतेय, तुमची नेते का? तलाव छान होता, खोटं कशाला बोलू. आइस्क्रीमही छान होतं. त्या बाकावर बसून मला वाटलं, आता आपल्याला काही कमी नाही.

आणि येताना सीमेवर वर्दीवाल्याने गाडी थांबवून विचारलं, मांस किती आणलंय. तुझा यूर्ग ऐटीत म्हणाला, वासराचं, चार किलो, आणि माणसंही चार. कर न भरता माणशी एकच किलो आणता येतं हे मला का ठाऊक नाही? पण त्याने मान वळवून बोटाने मोजायला घेतलं. हा मी, ही बायको, हे बाळ, आणि ती मागे आजी. वर्दीवाला खिडकीतून वाकला, माझ्या माळेकडे बघून हसला आणि म्हणाला, आजीबाई, तुमचा किलो ताजा दिसतोय!

अगं, मी तलाव बघायला गेले नव्हते, मी एक किलो वासरू म्हणून गेले होते! आणि ती लादिना, तिचासुद्धा एक किलो! तोंडात एक दात नाही पोरीच्या!

आणि वर, घरी पोचल्यावर यूर्ग म्हणतो की हे सगळं रविवारी, पंधरा तारखेला, लादिनाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला. आता ऐक. त्या जेवणाचं मांस मी गुबलरकडे केव्हाच सांगून ठेवलंय. तुला विचारलं नाही, कारण त्यात विचारायचं काय? तुझ्या आईचं लग्न, तुझ्या आजोबांना पुरून आल्यावरचं जेवण, सगळ्या नाताळांचं मांस त्या एका खाटकाकडून आलं. त्याने आनंदाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, सेराइनाच्या पोरीसाठी मी स्वतः कापीन. त्याला मी शब्द दिलाय. त्या ताटात कोन्स्टान्सचं वासरू असेल, तर माझी खुर्ची मांडू नका.

कळावे. लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.

तुझी आजी,
एल्सबेथ


ओर्लिकोन, झ्युरिक
बुधवार, ४ सप्टेंबर

ती. आजीस सेराइनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यूर्गला वाचून दाखवलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून भांडी घासायला गेला. तुला मोजायला नको होतं हे त्याला कळलंय. पण आजी, तुला फिरवायचं होतं हेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसल्या, इतकंच.

तुझ्या घराचं भाडं तुझ्या लग्नाच्या वेळचं आहे. आमचं नाही. लादिना झाल्यापासून मी निम्मा वेळच कामावर असते. गुबलरकाकांकडून एका जेवणाचं मांस घेतलं की आठवडाभर बटाटे. आमच्या इमारतीतले सगळे शनिवारी स्वस्त मिळतं म्हणून सीमेपलीकडे जातात, शाळेतल्या बाईसुद्धा. आणि रागावणारी तू, तिथे केसांचा रंग घेतलास, सपाता घेतल्यास, त्या सपाता घालून गाडीत बसलीस आणि घरी येताना गाणं म्हणत होतीस. सीमेवर पोचेपर्यंत तरी.

अजून एक सांगते. लहानपणी तू मला त्यांच्या दुकानात पाठवायचीस, तेव्हा काका काउंटरवरून वाकून सॉसेजची चकती हातावर ठेवायचे. गेल्या वर्षी तुझ्याकडे येताना माझ्या हातात सीमेपलीकडच्या दुकानाची भली मोठी पिशवी होती. त्यांनी काचेतून पाहिलं. पिशवीही पाहिली. आणि तरी हात हलवला. तेव्हापासून मी मागच्या गल्लीने येते. आता कोणत्या तोंडाने आत जाऊ?

रागाला थोडी सुट्टी दे, खुर्ची मी मांडणारच आहे.

तुझी,
सेराइना


विडिकोन
शुक्रवार, ६ सप्टेंबर

चि. सेराइना हिला आशीर्वाद, थोडे कमी.

वि. वि. मागच्या गल्लीने! आणि मी म्हातारी खिडकीत बसून समोरचा रस्ता बघत असते, की आत्ता दिसेल माझी पोर, मग दिसेल. तू आपली चोरासारखी मागच्या जिन्याने उगवतेस!

सपाता म्हणजे सपाता. त्या बाप्तिस्म्याला कोणी खात नाही. आणि मऊ आहेत, त्याला मी काय करू?

महाग आहे, मान्य. मी काही आंधळी नाही. पण गुबलर काय लुटारू आहे? तोही याच शहरात भाडं भरतो, त्याचं तर नवीन भाडं आहे. आमच्या गल्लीतलं बटणं-दोऱ्यांचं दुकान गेलं, तिथे आता नखं रंगवतात. परवा निळ्या कोटाचं बटण तुटलं. काय करू, नखं रंगवून घेऊ? पाववाला गेला. उद्या गुबलर गेला की माझ्याशी दिवसातून चार शब्द कोण बोलणार, तो कोन्स्टान्सचा काउंटर?

सोमवारपासून मी त्याच्या दुकानासमोरून गेलेली नाही. पाव आणि चीज खातेय. का, तर माझी नात आपल्या पोरीच्या बाप्तिस्म्याचं वासरू परदेशातून आणते हे मी त्याला सांगू शकत नाही. मी सांगणारही नाही. शब्द मोडायचा असेल तर तू मोड. समोरच्या दाराने जा, डोळ्याला डोळा भिडवून सांग. मग माझी खुर्ची मांड नाहीतर जाळ.

आजी


विडिकोन
बुधवार, ११ सप्टेंबर

चि. सेराइना हिला अनेक आशीर्वाद. लादिनाला दोन पापे. यूर्गला म्हणावं, मी विचार करतेय.

वि. वि. काल मी खिडकीतच होते, पडद्याआड. तू बाबागाडी घेऊन समोरच्या रस्त्याने आलीस. दुकानाच्या दारापर्यंत गेलीस, मग नखांच्या दुकानाशी जाऊन उगाच पाटी वाचलीस, मग परत. मी इकडे काचेवर बोटं आपटत होते, जा ना गं बाई, जा! शेवटी गेलीस. किती वेळ आत होतीस! माझी कॉफी थंड झाली, मी प्यायलेच नाही.

तू पुडकं घेऊन बाहेर पडलीस, तशी मी सपातांवरच जिना उतरले. गुबलर डोळे पुसत होता, म्हणाला सर्दी आहे. सप्टेंबरात कसली सर्दी? त्याने सांगितलं की तू सगळं सांगून टाकलंस, चार किलो, सीमा, मी, माझी माळ. माझी माळ कशाला सांगायची! त्याने सवयीने सॉसेजची चकती कापून बाबागाडीपुढे धरली. तू म्हणालीस, तिला दात नाहीत अजून. मग त्याने ती तुझ्यापुढे धरली, आणि तू, एका पोरीची आई, तिथेच उभ्याने खाल्लीस. तो म्हणाला, अगदी तश्शीच खाते, आधी साल, मग आतलं.

बाप्तिस्म्याचं मांस त्याच्याकडचंच घेतलंस. तेही थोडं, पातळ कापून, आणि सोबत किसलेल्या बटाट्याची भरपूर रोश्टी. शहाणी माझी. बटाट्याने कोणाची अब्रू जात नाही.

पण राग गेला असं समजू नकोस. तुमच्या फ्रीजरमध्ये चार किलो पडलंय ना? त्यातलं एक किलो माझ्या डोक्यावर आलंय, सरकारी माणसाने वाकून बघितलंय, तेव्हा ते माझं. रविवारी येताना मी पिशवी आणतेय. लादिनाचंही दे, दात येईपर्यंत तिच्या मालाची राखण मी करीन. सोमवारी गुबलरचं दुकान बंद असतं. त्याला मी जेवायला बोलावलंय. पलीकडचं वासरू कसं लागतं ते खाटकालाही कळायला हवं. तो म्हणाला, येतो, पण चव वाईट लागली तरच कबूल करीन.

माझी खुर्ची लादिनाच्या शेजारी मांड. आणि पुन्हा कधी मला तलाव बघायला नेलंस, तर माझा किलो मी स्वतः निवडणार.

कुलूप काढलंय. किल्ली जवळच ठेवलीय.

तुझी आजी,
एल्सबेथ