अर्धा फेरा

४ तारीख, सोमवार

गिअरचा लिव्हर हलला नाही. सकाळी आठला मोटरसायकलपाशी बसलो, बारापर्यंत ठोकत होतो. ही दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

सगळा घोळ डाव्या घोट्याचा. पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडलो, डॉक्टरांनी स्क्रू घालून सांधा कायमचा बांधून टाकला. पाय दाबता येतो, पंजा वर उचलता येत नाही. आणि वरचा गिअर टाकायचा तर पंजाच उचलावा लागतो! म्हणून हा नवा लिव्हर आणलाय. पुढून पंजाने दाबायचा, मागून टाचेने. उचलायची भानगडच नाही. फक्त जुना निघायला हवा.

वीस तारखेला दीपगृहाला जायचं. दरवर्षी जातो, अठ्ठावीस वर्षं, ही मागे आणि मी पुढे. तोवर मला गाडी चालवता आली नाही तर गाडी विकायची असं ठरलंय. हे मीच बोलून बसलो, हॉस्पिटलच्या खाटेवर, शहाणपणाच्या झटक्यात.

५ तारीख

गंज सुटायचा स्प्रे मारला. दिवसभर मुरू दिला. ढिम्म.

७ तारीख, गुरुवार

जनरल येऊन गेला. हा गॅरेजवाला, मिशा आणि हुकूम दोन्ही तसलेच, म्हणून जनरल. मी त्याला हात लावू दिला नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी, केसाएवढे स्क्रू फिरवले, आणि एवढा ढब्बू लिव्हर काढायला हा कशाला? तो खाली वाकला, बोल्टकडे बघितलं आणि मिशीत हसला. "चालू द्या तुमचं," म्हणाला. चहा पिऊन गेला. जाताना दाराशी त्याची आणि हिची काहीतरी कुजबुज. माझीच टिंगल असणार.

९ तारीख

हातोडी अंगठ्यावर बसली. काम बंद.

रिकामटेकडा बसलो की नको ते दिसतं. ही रोज सकाळी फिरायला जाते, सहा आठवडे झाले, एक दिवस खाडा नाही. पण चालते कशी कोण जाणे. डाव्या बुटावर, अंगठ्याच्या वर, काळा पट्टा पडलाय. उजवा बूट कोरा. म्हटलं, "जरा पाय नीट उचलत जा." तर म्हणाली, "उचलतेच आहे."

१२ तारीख, मंगळवार

निघाला! आणि माझी लाजही निघाली.

घड्याळाची चावी बाहेर काढायची तर आतला स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, बस्स. पूर्ण काढलात तर आतला तुकडा निसटतो आणि अख्खं घड्याळ उघडावं लागतं. चाळीस वर्षं माझा हात अर्ध्या फेऱ्यावर आपोआप थांबतो. इथेही थांबला. पण हा बोल्ट, लिव्हर ज्या दांड्यावर बसतो त्याच्या खाचेतून आडवा गेलेला. तो पूर्ण बाहेर येत नाही तोवर लिव्हर जागचा हलणारच नाही. म्हणजे आठ दिवस मी कडी लावलेल्या दाराला धडका देत होतो. आज बोल्ट काढून तबकडीत ठेवला आणि लिव्हर दोन बोटांनी हातात आला.

ही हसून हसून पायरीवर बसली. जनरलला फोन केला. "कळलं का एकदाचं?" म्हणे. त्याला आला त्या दिवशीच दिसलं होतं. नालायक!

१३ तारीख

नवा बसवला. दांड्याला बारीक दाते असतात, त्यात बरोबर बसवावा लागतो. एक दात चुकला की पाय अवघडतो. माझ्या बुटाच्या मापाने बसवला. गाडी स्टँडवर लावून टाचेने पाचही गिअर टाकून बघितले, खटाखट. जेवताना हे मी हिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं तिने.

१६ तारीख, शनिवार

रस्त्यावर काढली. गिअर लोण्यासारखे पडतात. कोपऱ्यावर थांबायला डावा पाय टेकला, गाडीचं वजन त्यावर आलं आणि घोट्याने जीव सोडला. गाडी कलंडली. हळूच, दूधवाल्याच्या दारात. मला लागलं नाही. तिथल्या दोघांनी मिळून उचलून दिली, घरापर्यंत ढकलत आणली.

ही मागे असती तर? दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

लिव्हरचा काही दोष नाही. पायच गेला माझा. गाडीच्या आडोशाला बसून रडलो, कुणी बघू नये म्हणून. हिने बघितलंच.

१८ तारीख

गाडी घेणारा माणूस आहे, त्याला फोन लावत होतो. हिने फोन काढून घेतला. "वीस तारीख ठरली होती ना? मग वीसपर्यंत थांबा." म्हटलं, दोन दिवसांत मला काय नवा पाय फुटणार आहे? खाली मान घालून बूट पुसत होती.

२० तारीख, बुधवार

दीपगृह. एकशे दहा किलोमीटर. मी मागच्या सीटवर.

सकाळी हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अहो, आज तुम्ही मागे बसा." खिशातून परवाना काढून दाखवला, मागच्याच आठवड्याचा. फिरायला नव्हतीच जात! सहा आठवडे जनरल त्याच्या गाडीवर शिकवत होता. वरचा गिअर टाकताना बूट घासतो, त्याचा तो काळा पट्टा. माझ्या प्रत्येक डाव्या बुटावर आहे, आणि मी तिला पाय उचलायला सांगत होतो.

निघण्याआधी मी पाना मागितला. तिचा पाय लहान. लिव्हर एक दात खाली घेतला, बोल्ट पूर्ण बाहेर काढून.