मडमेचं बाळंतपण

शहादे, मार्गशीर्ष, १९३८

प्रिय अनू,

बारशाहून सुखरूप घरी पोचलो. तिथल्या गर्दीत तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत. कशी आहेस विचारलं तर 'बरी' म्हणालीस. तुझं हे 'बरी' मला जुनं ठाऊक आहे. अंगात ताप फणफणत असला तरी तू बरीच असायचीस. असो. एक गंमत सांगायची राहिली, ती लिहितो. तुझ्या मामंजींना म्हणावं, नेहमीसारखं ओसरीवर बसून खणखणीत वाचा. चारचौघांत ऐकण्यासारखी आहे.

धडगावच्या घाटात रस्ता करणारा गोरा साहेब दसऱ्याआधी रजेवर विलायतेला गेला आणि जाताना आपली पांढरी डुकरीण माझ्या गळ्यात मारून गेला. डोक्यावर डाळीची पाटी घेऊन दारोदार फिरलेला माणूस मी. आज डाळीची गिरणी आहे ती अशाच गिऱ्हाइकांच्या जिवावर. नाही कसं म्हणणार? गाडी दारात आली तशी तुझी आई पदर खोचून आडवी झाली. "मन्हा दारमा डुकरी? ती तरी ऱ्हाई नहीतर मी तरी!" मी म्हणालो, "अवं, गाभण शे ती." झालं. आईचा आवाज एकदम खाली आला. "मंग तिले उन्हमा काब्र उभी करी?" डुकरीण गोदामात, डाळ भरडून उरलेल्या चुणीच्या पोत्यांना टेकून पसरली. दगा हमालानं तिचं नाव मडम ठेवलं.

मडम व्याली आणि तुझ्या आईनं गोदामाचा ताबा घेतला. बाळंतीण ती बाळंतीण, म्हणे. ओव्याची धुरी झाली, शेगडी झाली, दाराला गोणपाटाचा पडदा लागला. शेजारची छबूबाई पिलांकडे पाहून म्हणाली, "कौसाबाई, इतला पोरेसले पाळना कथाईन आणशी?" आणि मग सुरू झालं पथ्य. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, सकाळी तीच, संध्याकाळी तीच. डाळ वातूळ, पिलांना बाधेल. ताक थंड. चुणी जड. मडम पोत्याला नाक लावायची की आई तिला दटावायची, "थोडा दम धर, माय!"

आठवडाभरात मडमेच्या पाठीचा कणा वर आला, आणि पिलांचा आवाज बदलला. माझे कान तुला माहीत आहेत, भरडणीच्या आवाजावरून डाळ ओली की सुकी ते सांगतो. पोट दुखणारं पिलू विव्हळतं, दमतं, थांबतं. ही पिलं सडाला लागायची, ओढायची, सोडून किंचाळायची, परत लागायची. ते दुखणं नव्हतं, ती भूक होती. आई म्हणे, दृष्ट लागली. मीठ-मिरची उतरवून झाली. मिरचीच्या धुरानं मडम, दगा आणि मी, तिघंही शिंकत बसलो.

शेवटी ढोरांच्या डॉक्टरला आणलं. पोरगा तरुण, पण तोंडाचा फटकळ. म्हणाला, "शेठ, डाळीच्या पोत्यांना टेकून ही बिचारी उपाशी मरतेय!" मग त्यानं समजावलं. दूध आणि मांस ज्यापासून बनतं त्याचे म्हणे पुष्कळ वेगवेगळे तुकडे असतात, इंग्रजीत अमायनो आम्ल म्हणतात. ज्वारीत बाकीचे असतात, एक अगदी कमी पडतो. तो डाळीत आणि दुधाताकात भरपूर. मी म्हणालो, म्हणजे जू आहे, चाकं आहेत, आणि आस नाही. ती गाडी नव्हे, सरपण. तो म्हणाला, "बरोबर! आणि खाण्यातून मिळालं नाही, तर आई ते स्वतःच्या अंगातून काढून पिलांना पाजते. काढायला उरलं नाही की दूध आटतं." हे ऐकून तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं चुणीचं पोतं सोडलं. त्याच दिवसापासून हरभऱ्याची चुणी, ताक, वर मूठभर भुईमुगाची ढेप. आता पिलं इतकी माजलीत की दगाला पाडून जातात. आणि आई मला ऐकवते, "तुम्हीन मन्ही कधी इतली सेवा करी का?"

आता विहीणबाई, पुढचं तुमच्यासाठी. तुम्ही दाराआड ऐकत असाल. दुसरं बाळंतपण सासरी, ही रीतच आहे, आणि तुम्ही अनूचं पेजेचं पथ्य मायेनंच सांभाळता, हे मी जाणतो. घरी कौसाबाईनंही मायेनंच केलं होतं. 'सगळा दोष मन्हावर टाकी द्या,' असं तीच मला म्हणाली. पण बारशाच्या दिवशी पाळण्यातलं रडणं मी ऐकलं. बाळ अंगावर लागत होतं, सोडून रडत होतं, परत लागत होतं. अनूच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मुलीच्या बापाला तिच्या सासरी तोंड उघडवत नाही, म्हणून डुकरिणीची गोष्ट सांगावी लागली. पत्र आणणाऱ्या गाडीत तुरीची डाळ आहे, तीळ आहेत, आणि मागे बांधलेली म्हैस दुभती आहे. लेकीला डुकरिणीच्या पंक्तीला बसवलं म्हणून मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी दाराशी उभा राहून ऐकेन. फक्त आधी चूल पेटवा, आणि तिला वाटीभर घट्ट वरण वाढा.

तुझाच बाप,
पितांबर