खोटे चार दिवस

बदलापूर,
२८ नोव्हेंबर २०२५

ती. शीलाआत्यास,
तेजस्वीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पाड्यावर रेंज नाही आणि माझा फोन धाकटा अक्षय गेम खेळायला घेतो, म्हणून हे पत्र नाथाकाकांच्या हाती देते. भाजी विकून ते तुमच्या बारवीकडेच परततात. पाकीट स्टेपल केलंय.

आत्या, माझी पाळी अठराला यायची होती. आज दहा दिवस झाले. कंपनीतल्या समीरबद्दल तुला दिवाळीत सांगितलं होतं. पाच तारखेला त्याच्या विठ्ठलवाडीच्या खोलीवर गेले होते. काळजी घेतली नव्हती.

आपल्या घरी पाळी लपत नाही. बाजूला बसले नाही तर आई विचारणार, म्हणून वीस तारखेला मी खोटंच सांगितलं. चार दिवस देवघराला शिवले नाही, स्वयंपाकघरात गेले नाही. आईने ताट बाहेर आणून दिलं, वर गरम पाण्याची पिशवी दिली. ती पोटावर घेऊन मी पडून राहिले. काल मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारचा घटही मीच मांडला. हळदकुंकू वाहताना वाटलं, आता तरी भीती वाटेल. काही वाटलं नाही. अंबरनाथला दिवसभर डब्यांवर लेबलं लावते, एकही वाकडं जात नाही.

समीर म्हणाला, टेन्शन घेऊ नको, उल्हासनगरच्या एका मेडिकलमधून गोळ्या आणल्यात, खा आणि मोकळी हो. त्या माझ्या पर्समध्ये आहेत. घेऊ का?

रागाव हवं तर, पण उत्तर दे.

तुझी भाची,
तेजस्वी


३० नोव्हेंबर

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.

पाकिटात काय आहे म्हणून नाथाने दोनदा विचारलं. लोणच्याचं प्रमाण आहे, असं सांगितलं.

त्या गोळ्या घेऊ नकोस. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोळ्यांनी एका बाईचं रक्त थांबेना, तिला मी स्वतः जीपमध्ये घालून नेलंय. आधी मेडिकलमधून तपासायचं किट आण. सकाळची पहिली लघवी घे, पाकिटावर लिहिलीत तेवढीच मिनिटं थांब. दोन रेघा आल्या तर सरळ डॉक्टरबाईंकडे जा. तू तेवीस वर्षांची आहेस. लग्न झालेलं नसलं तरी कायद्याने तुझी एकटीची सही पुरते. ठेवायचं की नाही हे तू ठरवायचंस. समीरने नाही, मीही नाही. एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपास. पोटात जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

बारा वर्षं आशाताई म्हणून घरोघर निरोध वाटते मी, आणि घरच्या पोरीशी बोलायला लाजले. तेवढं माझं चुकलं. बाकीचं तुझं. रागावले आहेच, पण भेटलीस की रागावेन. आत्ता नीट जेव.

तुझ्या पत्राची वाट पाहते.

शीलाआत्या


१२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन तारखेला एक रेघ आली. नऊला पुन्हा एकच. मध्ये डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. ओव्हरटाइम, अर्धवट झोप, डबा न खाणं, सगळं त्यांनी विचारून घेतलं. माझं वजन चार किलो उतरलंय. गोळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. समीरला बरोबर नेलं होतं. तो बाहेर मोबाइल बघत बसला. आत बोलावलं तर म्हणाला, मैं क्या करूँ अंदर. बाईंनी त्याला बसवून निरोध कसा वापरायचा ते समजावलं. त्याचे कान लाल झाले. यापुढे काळजी घेतल्याशिवाय नाही, हे मीही त्याला सांगितलं. पुढे भेटायचं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.

काल सकाळी पाळी आली. नेमका गुरुवार. घट मांडायला आईने हाक मारली. न बोलता मांडता आला असता. किंवा एकवीस दिवसांतच आली म्हणून आणखी एक थाप मारता आली असती. मी दारातच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या: कोण, आणि डॉक्टरला दाखवलंस का. मग म्हणाली, सरक बाजूला. घट तिनेच मांडला. तेव्हापासून बोललेली नाही. दुपारी ताट बाहेर आलं नाही. बराच वेळ थांबून मी आत गेले आणि वाढून घेतलं. तिने अडवलं नाही.

पाळी आली की रडू येईल असं वाटलं होतं. दोन पोळ्या खाल्ल्या आणि भांडी घासली.

सोमवारी बाईंनी पुन्हा बोलावलंय. माझ्यावर माया असू दे.

तेजस्वी


१३ डिसेंबर

सौ. शीलावन्संना
सरस्वतीचा नमस्कार.

तुम्हाला ठाऊक होतं आणि मला नाही. याचा राग आला आहे, तो इतक्यात जायचा नाही. तुमच्या भावाला यातलं काही कळवलेलं नाही. कळवायचं तेव्हा मी कळवेन, तुम्ही मध्ये पडू नका.

सोमवारी तिच्याबरोबर मी जाणार आहे. माझा गुडघा दाखवायचाय, असं घरी सांगितलंय. तिला अजून बोलले नाही. सोमवारी चप्पल घालून उभी राहीन. पण तिथे काय विचारायचं ते मला येत नाही. माझी तीन बाळंतपणं झाली, त्यातलं एक गेलं. डॉक्टर बोलायचे ते तुमच्या आईशी, मी खाली बघून बसायची. बाईंना काय काय विचारायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि उद्याच्या उद्या नाथाभाऊंच्या हाती द्या. तेजूला विचारायचं नाहीये मला. आत गेल्यावर आईला काही कळत नाही असं तिला वाटायला नको.

तुमची वहिनी,
सरस्वती