मी जहाजानं येतेय

अंदमानहून

तीर्थरूप आबा, लांबूनच तुमच्या पाया पडते.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का?

मी गावी येतेय. हे म्हणाले, विमानानं जा, आत्ताच तिकीट काढतो. लग्नाला सहा वर्षं झाली, पण एवढ्या हौसेनं त्यांनी मला कधी काही घेऊन दिलं नाही. मीच नको म्हटलं. चेन्नईपर्यंत जहाजानं, तिथनं रेल्वेनं मिरज आणि मग हातकणंगले. वेळ लागतोय तर लागू दे की.

विमानात सामान मोजून नेऊ देतात. जहाजात माझी सगळी भांडी मावतील. लग्नात तुम्ही दिलेला तांब्याचा हंडा, पराती, डबे. सगळ्यांवर तुमचंच नाव घातलंय, ते इथं कशाला ठेवू? पोती मी एकटीनंच शिवली.

आईला सध्या एवढंच सांगा, पोरगी सुट्टीला येतेय. शेजारच्यांनाही तेच सांगा. समुद्राची मला भीती वाटत नाही.

यशराजदादाला स्टेशनवर मोटारसायकल घेऊन पाठवू नका. टेम्पो सांगून ठेवा.

तुमच्याच घरची,
संयोगिता