रिकामा येणारा डबा

पांढुर्णा,
९ डिसेंबर

प्रिय प्रतिभावहिनी,

तुम्हाला नमस्कार, आणि चंचलच्या दोन्ही गालांचे पापे. आता पापे चालतात, डॉक्टरांनी परवानगी दिली!

इकडे बाबा संत्र्याच्या तोडीत गुंतलेत. दादा उद्या तुम्हाला आणायला मोहगावला निघतोय. पत्र त्याच्याच हाती देतेय, म्हणून पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलंय. त्याने उघडलं तर माझं काही खरं नाही.

पहिली बातमी म्हणजे, माझा घसा चंचलमुळे बिघडला नव्हता! शाळेतून आजार तिनेच आणला असं आम्ही ठरवून टाकलं आणि तुम्ही रागावून तिला माहेरी घेऊन गेलात. पण ती इथे नसतानाच परवा मला पुन्हा तेच झालं. अचानक ताप, गिळताना काटे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. खोकला मात्र नाही. आईच्या हळद-मिठाच्या गुळण्यांनी काही होईना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कापसाच्या काडीने घशातला नमुना घेऊन तपासला. पुन्हा तोच स्ट्रेप जंतू!

मागचा कोर्स मी शेवटच्या गोळीपर्यंत घेतला होता. डॉक्टर म्हणाले, "मग कोणाकडून तरी येतोय. कोणाचं उष्टं खाता का?"

आई तावातावाने म्हणाली, "आमच्या घरी कोणाचाच गया दुखून नाही राहिला, डॉक्टरसाहेब. अन् उष्टं कायचं? डबा तं पोरगी एकटीच फस्त करते. दोन पोया जास्त देल्या तरी रिकामाच येते!"

मी छताकडे बघत बसले.

मग डॉक्टर म्हणाले, कोणी ताप उतरताच गोळ्या सोडल्या असतील तर त्याला आधी पाठवा, हे दुखणं पुढे हृदयाच्या झडपांवर जाऊ शकतं. वहिनी, मी घाबरले. स्वप्निलने अगदी तेच केलं होतं! मी शिकवते त्या सौंसरच्या शाळेतले गणिताचे सर. हो, तेच, ज्यांचं नाव मी तुमच्यापुढे जरा जास्तच घेते. आम्ही रोज एकाच डब्यातून, एकाच चमच्याने जेवतो.

सांगून टाकलं. आईसमोर, नावगावासकट.

मी फोन केला आणि त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात आला. तोच जंतू निघाला, पण हृदय ठणठणीत आहे! मला तिथेच नाचावंसं वाटलं. त्याचाही कोर्स सुरू झालाय, आणि या वेळी एक गोळी चुकू देणार नाही मी.

  आज शाळेत निघाले तर ओट्यावर दोन डबे.

"एक त्या पोराचा," ती भांडी घासता घासता म्हणाली. "चमचे अलग ठेवले. अन् म्हणा त्याले, गोया पुऱ्या खाय."

वहिनी, मी तिच्या ओल्या हातांसकट तिला मिठी मारली.

आता बाबा राहिले. त्यांना सांगायला माझ्या बाजूला तुम्ही हव्यात. म्हणून राग सोडा आणि या. चंचलची माफी मी सगळ्यांसमोर मागणार आहे, बाबांच्याही.

तुमची, डब्यामुळे पकडली गेलेली आणि त्याबद्दल फार फार खूश असलेली नणंद,
प्रणाली